भूमध्य समुद्राकाठची खानावळ

स्पेनमध्ये 2003 साली एक मोठा वैद्यकीय प्रयोग सुरू झाला. पंधरा वर्षांनी त्यात जो घोळ उघड झाला, त्याचं एक कारण अगदी घरगुती होतं. हृदयविकाराचा धोका असलेली, पण अजून तो जडलेला नाही अशी 55 ते 80 वयाची सुमारे साडेसात हजार माणसं त्यात होती, आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडायचे होते. एका गटाला भूमध्य समुद्राकाठचा आहार आणि सोबत उत्तम ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला तोच आहार आणि अक्रोड-बदाम, तिसऱ्याला चरबी कमी खाण्याचा सल्ला. पण काही केंद्रांवर घरातला एक जण ज्या गटात गेला, त्याच गटात त्याच्या घरातल्या दुसऱ्यालाही चिठ्ठी न टाकताच बसवण्यात आलं. संशोधनाच्या नियमांत हे बसत नाही. 2013 मध्ये जगभर गाजलेला तो निबंध 2018 मध्ये मागे घ्यावा लागला आणि आकडेमोड नव्याने करून पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष मात्र फारसा हलला नाही: पहिल्या दोन गटांत पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि अशा कारणांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे तीस टक्क्यांनी कमी. मला त्या टक्केवारीपेक्षा ती चूक जास्त बोलकी वाटते. एका चुलीवर नवऱ्याचा एक आहार आणि बायकोचा दुसरा, असं कुठल्या घरात चालतं? प्रयोगातलं तेलसुद्धा माणशी नव्हे, तर घरामागे आठवड्याला सुमारे एक लिटर असं दिलं जात होतं. हा आहार पदार्थांच्या यादीत मावत नाही, तो घराच्या रोजच्या वागण्यात असतो. म्हणूनच तो बाहेर जाऊन खायचा असेल, तर एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलातच खावा, असं माझं म्हणणं आहे. आणि अशी हॉटेलं निघायला रायगडच्या आतल्या पट्ट्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

याच पट्ट्यातली, उल्हास नदीच्या काठची दहिवली आज कर्जत नगरपरिषदेचा भाग आहे. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर उतरतात आणि त्यांच्या मागोमाग दोन प्रकारची जेवणं या भागात आली. एक रिसॉर्टचं: बुफे, त्यात पंजाबी, चायनीज आणि आता ‘मेडिटेरेनियन प्लॅटर’. दुसरं घरगुती: आदल्या दिवशी फोन करायचा, माणसं किती ते सांगायचं, आणि गावातल्या एखाद्या घरी तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं ठरल्या वेळी तयार. पहिल्या प्रकारात वीस पानांचं मेनूकार्ड असतं. दुसऱ्यात मेनूकार्डच नसतं, जे आज घरात आहे तेच मिळतं. ग्रीसमधली तव्हेर्ना किंवा इटलीतली त्रात्तोरिया यांतल्या कुठल्या प्रकाराला जवळची, याचं उत्तर द्यायला तिथे जाऊन यायची गरज नाही. मूळची तव्हेर्ना म्हणजे थोडी टेबलं, दिवसाचे चार-सहा पदार्थ, आत आई किंवा सासू, बाहेर मुलगा किंवा सून, आणि बाजारात आज जे ताजं मिळालं त्याप्रमाणे बदलणारं जेवण. प्लॅटर नावाची ती मोठी थाळी, जिच्यात हमस, फलाफल, पिटा, ऑलिव्ह आणि लोणच्यासारखं काहीतरी एकदम येतं, ती या जेवणाचा नमुना-संच आहे. सगळ्याची चव कळते, भूक मात्र भागत नाही.

या म्हणण्याला आधार आहे तो पदार्थांच्या कृतीतच. हमस घ्या. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, चिमूटभर सोडा घालून इतके शिजवायचे की बोटांत धरताच विरघळावेत, मग पांढऱ्या तिळाचं गुळगुळीत वाटण, म्हणजे ताहिनी, लिंबू, लसूण आणि मीठ घालून कोमट असतानाच फेटायचं. त्यात महागडं यंत्र नाही, दुर्मीळ मसाला नाही, फक्त आदल्या रात्रीची आठवण आणि सकाळचे दोन-तीन तास आहेत. लेबनॉन, पॅलेस्टाइन, इस्रायल या पट्ट्यात हमसची छोटी दुकानं सकाळी उघडतात आणि पातेलं रिकामं झालं की दुपारीच बंद होतात. फ्रिजमध्ये तीन दिवस राहिलेला हमस घट्ट होतो, त्यावर कोरडी साय धरते, लसूण उग्र होतो. मोठ्या हॉटेलला मात्र नेमका तोच परवडतो, कारण तिथे कुठलाही पदार्थ कुठल्याही वेळी द्यावा लागतो. फलाफलचं दुखणं वेगळं आहे. त्यासाठी चणे फक्त भिजवून कच्चेच वाटायचे असतात, आपण डाळवड्याला डाळ वाटतो तसे. शिजवलेल्या चण्यांचा गोळा तेलात फुटतो, म्हणून त्यात मैदा किंवा ब्रेडचा चुरा घातला जातो आणि आपल्यासमोर येतो तो एक जड, पिठाळ वडा. तो खाऊन माणसं म्हणतात की यापेक्षा आपला वडा बरा. त्यांचं बरोबरच असतं. इजिप्तमध्ये हेच वडे चण्यांऐवजी बाकल्याच्या दाण्यांचे करतात, आणि तेच दाणे मंद आचेवर रात्रभर ठेवून सकाळी तेल-लिंबू घालून खाल्ले जाणारे ‘फूल’ हा तिथल्या कष्टकऱ्यांचा नाश्ता आहे. पूर्वी या फूलची मडकी सार्वजनिक स्नानगृहांच्या निखाऱ्यात रात्रभर पुरून ठेवत. हिवाळ्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी मडक्यात भरून पोपटी लावणाऱ्या रायगडकराला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

बाकीच्या पदार्थांचंही तेच. लबने म्हणजे दही कापडात बांधून काढलेला चक्का, फक्त साखरेऐवजी त्यात मीठ आणि वर तेल. विस्तवावर भाजलेल्या वांग्यात ताहिनी आणि लिंबू घातलं की बाबा गनूश. भरीत करणाऱ्या हाताला वांगं कुठवर भाजायचं हे शिकवावं लागत नाही, गॅसवर घाईने भाजणाऱ्या हॉटेलला मात्र धुराचा वास बाटलीतून घालावा लागतो. ताबुलीत मुळात पार्सली भरपूर आणि जाडसर गव्हाचा रवा थोडा असतो. आपल्याकडे पार्सली महाग म्हणून प्रमाण उलटं होतं आणि पानावर कोथिंबीर शिंपडलेला गार दलिया येतो. इथे एखाद्या घरच्या स्वयंपाकिणीने सरळ सांगावं की पार्सली आज मिळाली नाही, म्हणून ताबुली नाही, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आहे. प्लॅटरला हे सांगता येत नाही, कारण त्याचा फोटो आधीच छापलेला असतो. भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाचा पहिला नियमच हा आहे: जे आज चांगलं नाही ते आज करायचं नाही.

आता पहिला आक्षेप. ऑलिव्ह तेल आयात होतं, फेटा चीज महाग, ताहिनीची बाटली वाण्याकडे मिळत नाही, तेव्हा दहिवलीतल्या कुटुंबाने हे करायचं म्हणजे श्रीमंतांच्या चोचल्यांची चाकरी नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे, पण ते तेलापुरतंच. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड झाली असली, तरी आपल्याकडे विकलं जाणारं बहुतेक तेल परदेशातूनच येतं. त्यातही स्वस्त मिळतं ते बहुधा पोमेस, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं. ज्या ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेलाचे गुण सांगितले जातात ते वेगळं, नुसतं दाबून काढलेलं, आणि त्याची आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत असावी लागते. कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलने याचा साधा हिशेब करावा: तळणाला शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल वापरावं, आणि खरं ऑलिव्ह तेल फक्त वरून, पानावर वाढताना, जिथे त्याची चव कळते तिथेच घालावं. फेट्याचं तर विचारूच नये. युरोपीय कायद्याने 2002 पासून ते नाव फक्त ग्रीसमधल्या, निदान सत्तर टक्के मेंढीचं दूध असलेल्या चीजला मिळतं, आणि आपल्याकडे त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक गाई-म्हशीच्या दुधाचं, खारवलेलं पनीर असतं. मग घरचा चक्का मीठ लावून दिला तर कुणाची फसवणूक होते? चणे, तीळ, वांगी, काकडी, दही, लिंबू, लसूण, मासे हे सगळं कर्जतच्या बाजारात आहे. चोचला पदार्थांत नसून बाटल्यांवरच्या लेबलांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परक्या देशाचं जेवण परक्या माणसांनी करावं, इथल्या कुटुंबाला ते कसं जमणार? पण महाराष्ट्रात परकं जेवण रुजलं ते कुणामुळे, हे पाहिलं तर उत्तर मिळतं. मुंबईत इराणी चहा, ब्रून मस्का आणि खिमा पाव रुजवला तो याझद आणि आसपासच्या गावांतून आलेल्या कुटुंबांनी. 1904 चं कयानी अँड कंपनी आणि बॅलार्ड इस्टेटमधलं 1923 चं ब्रिटानिया अँड कंपनी ही दोन्ही घराण्यांनी चालवलेली हॉटेलं. ब्रिटानियाचा बेरी पुलाव इराणमधल्या एका पदार्थाचा मुंबईत बसलेला अवतार आहे आणि तो मुंबईचाच म्हणून ओळखला जातो. पावाची गोष्ट याहून जुनी. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला, पदेरांच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्यांच्या, घराघरांतल्या भट्ट्यांत टिकला आणि तिथून मुंबईच्या बेकऱ्यांत गेला. पोर्तुगालचा आहार 2013 मध्ये युनेस्कोच्या भूमध्य आहाराच्या वारसायादीत सामील झाला, तेव्हा वडापाव खाणाऱ्या माणसाने हा प्रश्न फार ताणू नये. गोव्यातच मारिकेटी ग्राना या ग्रीक स्त्रीने वागातोरच्या कड्यावर काढलेलं आणि नंतर शिवोलीला गेलेलं ‘थलासा’ हे आपल्या किनाऱ्यावरचं गाजलेलं ग्रीक हॉटेल. ते आज बरंच मोठं झालं आहे, पण ओळख झाली ती एका माणसाच्या घरच्या चवीने. आणि कर्जतकरांना तर दूर जायचंच कारण नाही. भोर घाट चढायला गाड्यांना मागून जादा इंजिन लावावं लागतं, म्हणून कर्जतला गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर महाराष्ट्रभर नाव झालं ते दिवाडकरांच्या वड्याचं. आडनाव लावलेला पदार्थ बिघडला तर घराची अब्रू जाते. खालापूरच्या फूड मॉलमध्ये खाल्लेला पदार्थ बिघडला तर आपण कुणाचं नाव घ्यायचं हेही कळत नाही.

रायगड आणि भूमध्य समुद्र यांचं नातं असं अंदाजाने जोडायचीही गरज नाही, ते प्रत्यक्ष आहे. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नवगावापासून रेवदंडा, पेण, पनवेलपर्यंत बेने इस्रायली वस्ती शतकानुशतकं होती. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पनवेलचं बेथ एल हे सिनेगॉग 1849 सालचं आहे. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा त्यांचा धर्मनियम, आणि कोकणात त्याचं सोपं उत्तर होतं: मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधात, आणि नवसाला मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं. 1948 नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि दिमोना, अश्दोद, रामला, लोद, बेरशेबा अशा गावांत स्थायिक झाली. तिथे मराठी बोलली गेली, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, आणि घरच्यांनीच चालवलेल्या छोट्या दुकानांतून भारतीय मिठाई आणि फरसाण विकलं जाऊ लागलं. सरकारी उपक्रम किंवा पंचतारांकित हॉटेल यांनी नव्हे, तर एका चुलीने कोकणचं जेवण भूमध्य समुद्रावर नेलं. उलट दिशेचा प्रवास याच वाटेने होईल असं मानायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप ‘घरगुती’ या कौतुकावरच आहे, आणि तो टाळून हा लेख पुढे नेणं अप्रामाणिक ठरेल. कुटुंबाने चालवलेलं हॉटेल म्हणजे बहुधा बिनपगारी कष्ट. पाटी घरातल्या पुरुषाच्या नावाची, चुलीजवळ पहाटेपासून बायका, आणि परीक्षा असली तरी रविवारी टेबलं पुसायला मुलं. ग्रीस-इटलीतही हेच चालत आलं आहे. मुंबईतली कित्येक इराणी हॉटेलं बंद पडली, त्यामागे पुढच्या पिढीने गल्ल्यावर बसायला नकार देणं हे एक मोठं कारण होतं, आणि त्या पिढीला दोष देणं योग्य नाही. म्हणून स्वस्ताई हा घरगुती जेवणाचा गुण मानणं मी सोडून द्यावं म्हणतो. रात्रभर भिजवणं, सकाळचं शिजवणं, ताजी भाकरी किंवा पिटा, आणि चार-सहा टेबलांचीच जागा, याची किंमत रिसॉर्टच्या प्लॅटरहून फार कमी असायचं कारण नाही. ती कमी दिसते तेव्हा कुणाच्या तरी मजुरीचा हिशेब त्यातून गळलेला असतो. स्वच्छतेचंही तसंच. घर आहे म्हणून स्वच्छ असेलच असं नाही. शिजवलेले चणे आणि तिळाचं वाटण दमट हवेत लवकर आंबतात, आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज बंद पडतो. पिण्याचं पाणी, कच्ची कोशिंबीर धुण्याचं पाणी, तळणाचं तेल किती वेळा वापरलं, आणि अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का, हे प्रश्न घरच्या माणसालाही विचारलेच पाहिजेत. आषाढ-श्रावणात कच्च्या पालेभाजीची ताबुली न देणारं हॉटेल माझ्या मते अधिक जाणकार.

आणखी एक गोष्ट लोक हमखास म्हणतात: आपली डाळ-भात-भाजी हाच आपला भूमध्य आहार, मग हे सगळं कशाला? हे ऐकायला गोड आहे, पण अर्धंच खरं. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1958 पासून सात देशांतल्या जवळपास तेरा हजार मध्यमवयीन पुरुषांची पाहणी सुरू केली. त्यात क्रीट बेटावरच्या शेतकऱ्यांत हृदयविकार अगदी कमी आढळला. त्यांचं जेवण म्हणजे भाकरीसारखा जाड पाव, कडधान्यं, रानभाज्या, फळं, भरपूर ऑलिव्ह तेल, मांस अगदी कमी, आणि दिवसभर शेतातलं काम. कीज यांच्यावर टीका पुष्कळ झाली: देश सोयीने निवडले, क्रीटमधल्या आहाराची काही मोजणी ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत झाली, वगैरे. ती लक्षात ठेवूनही पुढच्या प्रयोगांनी मूळ दिशा खरी ठरवली. आता आपलं पान पाहा. कर्जत हे भाताचं गाव, इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले वाण कर्जतच्याच नावाने ओळखले जातात. पण पानात पॉलिश केलेला भात डोंगराएवढा, डाळ पातळ, भाजी चमचाभर, आणि दिवसभर साखरेचा चहा, हा क्रीटचा आहार नव्हे. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, पावसाळ्यातल्या टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या हे तिथल्या पानाच्या खरोखर जवळचं आहे, आणि नेमकं तेच आपल्या ताटातून आक्रसत चाललं आहे. चण्याचं वाटण मुख्य पदार्थ म्हणून मध्ये ठेवणारं आणि धान्य बाजूला सारणारं जेवण इथल्या माणसाला आपल्याच बिरड्याची किंमत पुन्हा दाखवील, असा माझा कयास आहे. उलटही होऊ शकतं हे मान्य: पिटा मैद्याचा, ऑलिव्ह आणि चीज मिठाने भरलेलं, सोबत तळलेलं फलाफल आणि थंड पेय, असं पान कुठल्याही समुद्राचं असलं तरी रक्तदाबाच्या माणसाने ते टाळावं.

राहिला प्रश्न जेवण्याच्या रीतीचा, आणि इथे आपण शिकण्यासारखं बरंच आहे. युनेस्कोने 2010 मध्ये स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को यांच्या आहाराला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा तेल आणि भाज्यांइतकंच महत्त्व एकत्र बसून जेवण्याला दिलं होतं. तिथे छोट्या वाट्या टेबलाच्या मध्ये येतात, सगळे त्यातून घेतात, एकाचं पान भरून दुसरा ताटकळत नाही. जेवण लांबतं. फार्महाऊसवरून येणाऱ्या दहा जणांच्या घोळक्याने दहा वेगवेगळ्या ऑर्डर दिल्या, की घरगुती हॉटेलची सगळी शक्ती त्यातच संपते आणि चवीचा पत्ता राहत नाही. त्यापेक्षा घरच्या माणसाला विचारावं, आज काय चांगलं झालंय, आणि तेच सगळ्यांसाठी मागवावं. ‘अजून काही वेगळं नाही का’ हा प्रश्न कुटुंबाच्या हॉटेलला हळूहळू रिसॉर्ट बनवतो: आधी मेनूत पनीर टिक्का येतो, मग नूडल्स, मग फ्रीजर, आणि वर्षभरात चणे भिजवणं बंद पडतं. यात दोष मालकाइतकाच जेवायला येणाऱ्याचा.

दहिवली-कर्जत भागात बचतगटाच्या बायकांनी किंवा एखाद्या घराने असं छोटं हॉटेल काढलं, तर त्यांनी पाच पदार्थांवर थांबावं, पिट्याऐवजी निःसंकोच तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी द्यावी, आणि पाटीवर तसं लिहावं. आणि तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून माणसं किती आहेत ते सांगा, ठरल्या वेळी पोचा, आणि बिलात मजुरी धरलेली दिसली तर घासाघीस करू नका.